नळीतली जांभळी बांगडी

आज तूप कढवलं. खालची बेरी हलू नये म्हणून पातेलं कलतं करून तूप बरणीच्या कडेनं सोडताना भोपाळचं बीएस्सीचं प्रॅक्टिकल आठवलं. प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आहे का, ते ओळखायचं होतं. अ‍ॅसिड नळीच्या कडेनं असंच हळू सोडलं, तर दोन थरांमध्ये जांभळं वलय उमटतं. हात हलला की सगळं मिसळतं. माझं वलय सुरेख उमटलं.

"हाथ बड़ा सधा हुआ है," परीक्षक म्हणाले.

संध्याकाळी आई इंद्रपुरीतल्या आमच्या क्वार्टरच्या ओळीत सांगत फिरली, "पोरीनं काचेच्या नळीला जांभळी बांगडी भरली."

मी लाजले. पण तूप ओतायला मला तिनंच शिकवलं होतं, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

आज मी सांगते.