सगुणाबाईच्या पैशाची कंडी

सगुणाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा आणि नांदे गावाचा सातला. मधले तीन तास गाव आपणच राखतो, असं ती म्हणायची. दळण, पाणी, भाकरी उरकून उजाडता उजाडता ती पौडाच्या रस्त्यावर पोचलेली असे. तिथं कडेला दगडांचे ढीग पडलेले. एक हातोडा, बोटांना गुंडाळायला चिंध्या, बसायला गोणपाट. दिवसभर खडी फोडायची. संध्याकाळी मुकादम पेटी लावून ती मोजणार. पेटी भरली तर पैसे. जवळजवळ भरलेल्या पेटीला पैसे नव्हते. सगुणाबाईला हा नियम पसंत होता. तो रस्त्याच्या कामाबाहेर कुठंच कुणाला लावत नाहीत, याचाच तिला राग होता.

नवरा भिकू वारल्यावर तिचा दोन एकरांचा भाताचा तुकडा भावकीतले जयसिंगराव पाटील निम्म्या वाट्यानं करत. वाटा कसा पडतो ते जयसिंगराव आणि त्यांचा बैल या दोघांनाच ठाऊक. कारण सगुणाबाईनं विचारलं, की जयसिंगराव पाठ फिरवायचे आणि बैलाकडं बघत बोलायचे. "औंदा काय राम न्हाई वहिनी," ते बैलाला सांगायचे. बैल गप्प राहायचा.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. केदारनाथ बघायचा, आणि तोही स्वतःच्या पायांवर उभं राहून. पंधरा वर्षं उकिडवं बसून डावा गुडघा सुजायला लागला होता. अजून एक-दोन वर्षं तो ऐकेल, पुढं ऐकणार नाही, हे तिला कळत होतं. गुडघ्याची पेटीसुद्धा कधीतरी भरतेच.

पानशेतचं धरण फुटायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. दिवाळी झाली आणि महाळुंग्याचा वाल्मीक गावात आला. हा दोनदा बद्री-केदार करून आलेला, आणि आता माणसं गोळा करून नेणं हाच त्याचा धंदा. गळ्यात शिट्टी, काखेत छत्री. एवढंच ओझं तो वाहायचा. भैरोबाच्या देवळात बैठक बसली. वाल्मीकनं खर्च सांगितला. रेल्वे, मोटार, धर्मशाळा, शिधा, पंड्याची दक्षिणा, आणि वाल्मीकची स्वतःची फी.

"पावसानं वाट अडली, दोन दिवस बसून ऱ्हायलो, तर त्या दिवसांची तुझी फी कापायची का?" सगुणाबाईनं विचारलं.

"काकू, मी काय मजूर हाय व्हय?"

"त्ये दिसतंयच."

लोक हसले. वाल्मीकनं घसा साफ केला आणि शेवटची बाब सांगितली. "कंडी. मोटार थांबली की पुढं समदा डोंगर. कुणाला चालवलं न्हाई, तर नेपाळी गडी पाठीवरच्या टोपलीतनं नेतो. तिला कंडी म्हणत्यात. गडी पुढं तोंड करून चालतो, बसणाऱ्यानं त्याच्या पाठीला पाठ लावायची. तोंड मागं."

"मंग देव दिसायचा कसा?" कोपऱ्यातनं पिराजी धनगरानं विचारलं. त्याला यात्रेला जायचं नव्हतं. मेंढरं वाघराच्या जाळीत कोंडून तो गंमत बघायला आला होता.

"पोचल्यावर उतरायचं की, येड्या."

"म्हंजी सबंध वाट आलेलीच वाट बघत जायची!" पिराजीला हे फार आवडलं. तो मान हलवत बसला.

जयसिंगराव ताडकन बोलले. "कंडी बाद! आपण मावळची माणसं. डोंगरात जन्मलो. मावळ्यानं टोपलीत बसायचं? कोंबडी हाय का?"

आता नांदे गाव सपाटीवर आहे. गावातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे ओढ्यातून वर यायची वाट, आणि जयसिंगराव ती बैलगाडीतून चढत. पण 'मावळची माणसं' म्हटल्यावर सगळ्यांच्या छात्या फुगल्या. ज्यांनी आयुष्यात सूसची टेकडी लांबूनच बघितली होती, त्यांच्याही फुगल्या. कंडी बाद झाली.

"त्ये पैसे मावंद्यात घालू," जयसिंगराव म्हणाले. यात्रेहून परतल्यावर गावाला जेवण घालायचं, ते मावंदं. "नुसत्या लापशीवर भागवायचं न्हाई. बुंदी करू."

हिमालयाच्या वाटेला जेवढा वेळ लागला नव्हता, तेवढा मग बुंदीला लागला. कळी तुपात पाडायची की तेलात, यावर दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

"बुंदी माझा गुडघा उचलायची न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "कंडी ठेवा."

"बघा, वहिनींला पाळणा पायजे!" जयसिंगराव देवळाच्या खांबाकडं बघत म्हणाले.

सगुणाबाई उठली. दुसऱ्या दिवसापासून ती पेटी भरल्यावरही बसून राहू लागली. अंधार पडून हातोडा बोटावर यायला लागेपर्यंत फोडायची. त्या जादा खडीचे पैसे तिनं लुगड्याच्या पदरात वेगळ्या गाठीत ठेवले. गाठ कशाची ते तिनं लपवलं नाही. विचारेल त्याला सांगायची, "माझ्या गुडघ्याची हाय." चैत्र येईपर्यंत गाठ भरली. वाल्मीकनं सांगितला होता तेवढा कंडीचा दर, वर अर्धा. दर सांगणारा वाल्मीक होता, म्हणून अर्धा.

वैशाखात मंडळी निघाली. जयसिंगराव, त्यांची बायको रंभाबाई, सगुणाबाई, गावातली आणखी काही घरं, आणि सगळ्यांच्या पुढं शिट्टी. रेल्वेत जयसिंगराव मावळ्यांच्या गोष्टी सांगत होते. मोटारीत त्यांना ओकाऱ्या झाल्या, म्हणून गोष्टी थांबल्या. मोटार संपली आणि पायवाट लागली. सगुणाबाई अनवाणी निघाली होती. पायाला कातडं कशाला, देवानं दिलंय, असं म्हणत. पहिल्याच मुक्कामाला थंडीनं तिची बोटं काळीनिळी पडली, आणि तिनं दुकानदाराला शिव्या घालत दुप्पट भावानं कापडी बूट घेतले. खर्चात ही बाब धरायची तिला सुचली नव्हती. हे तिनं कबूल केलं नाही. बूट चावतात एवढंच म्हणाली.

चालताना माणसं उघडी पडतात. रंभाबाई, जिला गावात कुणी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, ती एका लयीत चालायची. डोक्यावर स्वतःचं बोचकं, त्यावर नवऱ्याचं. जयसिंगरावांच्या हातात काठी होती आणि ती काठीही उताराला रंभाबाईकडं यायची.

"जाऊबाई, त्यांचं त्यांला घिऊ द्या की," सगुणाबाई म्हणाली.

"त्यांला दम लागतो."

"आन तुमाला?"

"मला कुणी इचारलं न्हाई," रंभाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

गौरीकुंड सोडल्यावर केदारचा शेवटचा चढ लागतो. वाट वळत वळत वर जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली मंदाकिनीचा आवाज. निम्म्या वाटेवर रामवाड्याचा टप्पा. तिथं पोचता पोचता सगुणाबाईचा गुडघा भोपळ्याएवढा झाला. तिनं गाठीला हात लावला. कंडीवाले गडी तिथं ओळीनं बसलेले होते. पैसे होते, गडी होता, कारण होतं.

तेवढ्यात मागनं रंभाबाईची हाक आली. जयसिंगराव वाटेतच एका धोंड्यावर बसले होते. ओठ पांढरे. उठवलं तर पाय लटपटत होते. एवढ्यात वाल्मीकची शिट्टी वरच्या वळणावरून वाजली, आणि मग तोही आला.

"जयसिंगराव, चला. अंधाराच्या आत पोचायचंय."

"मला न्हाई जमत."

"कंडी करा मग."

"पैसे?" जयसिंगरावांनी विचारलं. जमवलेल्या पैशात कंडी नव्हती. बुंदी होती, पण ती नांद्यात होती.

"मी त्या दिवशी सांगितलं हुतं," वाल्मीक म्हणाला. "माझं काम सांगायचं."

रंभाबाईनं दोन्ही बोचकी खाली ठेवली. "तुमी समदी जा पुढं," ती म्हणाली. "मी यांच्याजवळ बसते. दर्शन काय, हितनंच हात जोडू." कुणी तिला बसायला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. तिचा धनी जिथं बसेल तिथं ती बसणार, हे तिच्यासाठी ठरलेलं होतं. तिनं वरच्या ढगात केदार जिकडं असेल तिकडं बघितलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

सगुणाबाईनं गुडघा बघितला. रंभाबाईकडं बघितलं. पाच महिने अंधारात फोडलेली खडी आठवली. मग गाठ सोडली.

जयसिंगरावांना बघून नेपाळी गडी दोन पावलं मागं सरला. "ये तो दो आदमी है," तो म्हणाला, आणि त्यानं वाल्मीकच्या दरावर अर्धा दर वाढवून मागितला. सगुणाबाईची गाठ बरोब्बर पुरली. एक पैसा उरला नाही.

"वहिनी, उपकार झालं," जयसिंगराव पुटपुटले.

"उपकार न्हाई. ही दोन्ही बोचकी मांडीवर घ्यायची. जाऊबाई रिकाम्या हातानं चालतील."

जयसिंगराव टोपलीत बसले. पाय बाहेर लोंबत होते, मांडीवर बोचकी, बोचक्यांवर काठी. गड्यानं कपाळाला पट्टा लावला, एकदा कण्हला आणि उठला. जयसिंगरावांचं तोंड मागं झालं. आणि मागं, दोन हातांवर, सगुणाबाई होती.

आता बैल नव्हता. खांब नव्हता. पाठ फिरवावी तर पाठ गड्याच्या पाठीला बांधलेली. सगुणाबाई आपली काठी टेकत, एक पाय ओढत चालत होती आणि सबंध वाट त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"भावजी," थोडं चढल्यावर ती म्हणाली, "गेल्या साली माझ्या तुकड्यात भात किती झालं?"

"वहिनी, ही काय जागा हाय?"

"मला हीच बरी दिसतीय."

जयसिंगरावांनी डोळे मिटले.

"डोळं मिटू नका, चक्कर येती. खाली लई खोल हाय."

जयसिंगरावांनी खाली बघितलं आणि घाईनं वर बघितलं. वर सगुणाबाईच होती.

"पाऊस कमी हुता," ते म्हणाले.

"पाऊस मी बघितला, रस्त्यावर बसून. भात किती?"

पुढचं वळण आलं तेव्हा भात दोन पोती होतं. त्याच्या पुढच्या वळणाला, गड्याचा पाय ओल्या दगडावरून जरा सटकला, तेव्हा ते एकदम सहा पोती झालं. रंभाबाई मोकळ्या हातांनी कडेनं चालत होती. "आठ," ती हळूच म्हणाली. "म्या स्वतः भरली." बर्फाचे डोंगर समोर उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी 'जय केदार' म्हणून हात जोडले. जयसिंगरावांना ते पाठीमागं असल्यानं दिसले नाहीत.

सगुणाबाई सगळ्यांच्या शेवटी पोचली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून तिला देवापुढं बसता आलं नाही. ती उभीच राहिली. आरती संपली, लोक गेले, तरी उभी होती. तिला पाहिजे होतं ते हेच, उभं राहणं. तिनं मागितलं काही नाही. फोडलेल्या खडीची पेटी भरल्यावर मुकादमाकडं वर काही मागायचं नसतं, तसंच हे.

नांद्याला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी जयसिंगराव तिच्या दारात आले. हातात पैसे होते. "वहिनी, हे घ्या. आन ती कंडीची गोष्ट कशाला काढायची गावात? बरूबरच्या बाकी समद्यांनी कबूल केलंय."

"न्हाई काढत."

"मग घ्या."

"न्हाई घेत. घेतलं तर तुमी तुमच्या पैशानं बसला असं व्हईल. तुमी माझ्या पैशानं बसला. तसंच ऱ्हाऊ द्या."

जयसिंगराव पैसे घेऊन परत गेले. हे पैसे खिशात जड झाले असावेत, कारण चालताना ते जरा एका अंगानं कलत होते.

मावंदं झालं. बुंदी झाली, तुपातली. यात्रेहून आणलेल्या गंगाजलाच्या गडूचं झाकण फोडलं. पंगत बसली आणि जयसिंगराव मधोमध उभे राहून सांगू लागले.

"गौरीकुंडापासनं वाट अशी उभी, भिंतीवानी! चांगले चांगले बसले. पण आपण मावळची माणसं!"

"चालत गेला पाटील?" कुणीतरी विचारलं.

"मग? मी सगळ्यांच्या म्होरं. सगुणावहिनींचं तर लई हाल. गुडघा असा सुजलेला, पाय ओढत येत हुत्या बिचाऱ्या, घामानं कपाळ डबडबलेलं, सारखं काठीवर टेकत हुत्या. मी सबंध वाट बघत हुतो की!"

पंगतीत पिराजी धनगर होता. त्याचा हात बुंदीवर थांबला.

"पाटील," तो म्हणाला, "वहिनी मागं, तुमी म्होरं. आन त्यांच्या कपाळावरचा घाम सबंध वाट बघत हुता. म्हंजी कसं?"

देवळातल्या बैठकीला जे जे होते, त्यांनी घास चावायचं थांबवलं. रंभाबाई वाढत होती. तिच्या हातातलं पातेलं हललं. मग तिनं पदर तोंडात कोंबला, पण उशीर झाला होता. तिचं हसू पंगतीच्या टोकापर्यंत गेलं, आणि तिथून बाकीच्यांचं परत आलं.

सगुणाबाई एक शब्द बोलली नाही. तिनं बोलणार नाही असं सांगितलं होतं. तिनं फक्त पत्रावळ पुढं केली. "जाऊबाई, बुंदी वाढा. जरा जास्त."

त्या साली दिवाळीच्या आत तिच्या दारात चार पोती भात आलं. जयसिंगराव गाडीवर बसून होते. पोती उतरेपर्यंत बैलाकडंच बघत होते. बैल गप्प होता.

सगुणाबाई पुन्हा पौडाच्या रस्त्यावर बसली. गुडघा आता वाकत नव्हता, म्हणून एक पाय लांब करून फोडायची. बायका विचारायच्या, एवढी रात्ररात्र खडी फोडलीस, ते पैसे कशाला लागले ग? ती सांगायची, "भावजींनी एक दीस माझ्याकडं तोंड करून बसावं, त्याला."