पाठमोरं कुत्रं

चित्रातलं कुत्रं माणसाकडे पाठ करून बसलं असेल, तर ते वैराग्याचं प्रतीक असतं, असं मी एकदा भर सभेत सांगितलं. आता मी गुडघे आणि अक्कल दोन्ही जपून वापरते. तेव्हा सव्वीस वर्षांची होते, कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. मला कळत नाही असं जगात काही उरलंच नव्हतं.

ते कुत्रं आमच्या गल्लीतल्या आप्पांनी काढलेलं. आप्पा तैलरंगात माणसांची चित्रं करायचे. पण स्वतःसारखं दिसायला कुणाला हवं असतं? एकाला टक्कल नको, दुसऱ्याला पोट नको, तिसऱ्याला बोटात नसलेली अंगठी हवी. आप्पा म्हणायचे, “व्हय की पावणं, करूया,” आणि करायचेही. मग शेवटी, कुणी न सांगता, कोपऱ्यात एक कुत्रं बसवायचे. माणूस मनात भरला असेल, तर कुत्रं त्याच्या पायावर हनुवटी टेकून. नसेल, तर पाठ. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मी एम. ए.; मला कसं ठाऊक असणार?

एका पतसंस्थेच्या चेअरमनच्या चित्राचं अनावरण होतं. वक्त्या आम्ही. पडदा सरकला. कुत्रं चेअरमनकडे पाठ करून खुशाल दाराबाहेर बघत होतं.

“आप्पा, हे तिकडं का बघतंय वो?” चेअरमननी माइकवरच विचारलं.

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. मी उठले. दत्ताच्या पायाशी, धर्मराजाच्या मागे, जिथे जिथे कुत्रं सापडलं तिथून ते ओढून आणलं आणि वैराग्याच्या खुंटीला बांधलं. चेअरमनचे डोळे पाणावले.

त्यानंतर कोल्हापुरात वैराग्याची साथच आली. भावाचं शेत गिळून बसलेल्या एका गृहस्थांनी तर दोन पाठमोरी कुत्री मागितली.

“एकानं भागंल की,” आप्पा म्हणाले.

“न्हाय, दोन काढा. आमच्यात वैराग्य जरा जास्तच हाय.”

काही महिन्यांनी मी आप्पांकडे गेले. शाबासकी घ्यायलाच, दुसरं काय! समोर एक चित्र पुरं झालेलं, खाली सही, आणि कोपरा रिकामा.

“कुत्रं कुठाय?”

“बंद केलं.”

“अहो आप्पा, माझ्यामुळे आता कुठे त्याला मागणी आलीय!”

आप्पांनी ब्रश पुसला. एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज न चढवता ते म्हणाले, “बाई, आख्ख्या चित्रात तेवढं कुत्रंच माझं हुतं. बाकी समदं गिऱ्हाइकाचं. तेबी तुम्ही त्यास्नी वाटून टाकलंसा की.”