बाळंतिणीची पेज

बाळ तीन महिन्यांचं होतं आणि रडायचं तेव्हा तोंड उघडायचं, पण आवाज नाय. नुसती हवा. पोट धडाधड वरखाली, दूध ओढवेना, ओठ निळे, म्हणून तोंडवलीहून गाडी करून कणकवलीच्या दवाखान्यात आणलं तर डॉक्टरीणबाईंनी सरळ आयसीयूत घेतलं. म्हणाल्या, हृदय फुगलंय, कशानं ते कळत नाही, वाचेल असं आत्ता सांगू शकत नाही.

मग मला विचारलं, "ताई, तुम्ही जेवता काय?"

माझ्याआधी सासू बोलली. "सगळा खाता ती. भाजी, डाळ, मासे. आमच्याकडे कसलीच कमी नाय."

मी मान हलवली. खरं तर बाळंत झाल्यापासून माझ्या पोटात पेज आणि मीठ, तेवढंच. सासू म्हणायची, डाळीनं बाळाचं पोट धरतं, माशानं दूध नासतं, उकडा तांदूळ जड पडतो, म्हणून दुकानचा पांढरा तांदूळ, तोपण चार पाण्यानं धुतलेला. सगळं ओठावर आलेलं, पण सासू बघत होती आणि मी भ्याले. डॉक्टरीणबाईंनी ते खोटंच लिहून घेतलं आणि भलतीच औषधं चालू झाली.

बाहेर बाकावर सासू म्हणाली, "तुझ्या अंगातच सत नाय गो. आता कित्याक रडतंस? झिलाक, पोटच्या पोराक खाल्लंस तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला श्वासाच्या मशीनवर घातलं. सासू चहाला खाली गेली. मी दारापासून खाटेपर्यंत चालले तेवढ्यात धाप लागली, भिंत धरली. डॉक्टरीणबाईंनी माझे सुजलेले पाय बोटानं दाबले, खड्डा तसाच राहिला. "खरं सांगा ताई, काय खाता?"

मी सांगितलं.

"काल का नाही बोललात?" त्या एवढ्या ओरडल्या की नर्स वळून बघायला लागली. "धुतलेल्या पांढऱ्या तांदळात बी-वन जीवनसत्त्व राहत नाही, तुमच्या अंगात ते नाहीच. मग दुधात कुठनं येणार, आणि त्याच्यात कुठनं?"

लगेच त्याला इंजेक्शन दिलं, मलापण. दुपारनंतर त्याची धाप उतरली. एवढंसं औषध, आणि मी अख्खा दिवस त्याला तडफडू दिलं.

डॉक्टरीणबाईंनी सासूला बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं आता भांडेल. ती बाकावर बसली.

"माझो पयलो झील असोच धापा टाकीत गेलो. माझी सासू म्हणाली, तू चोरून बांगड्याचो रस्सो खाल्लंस म्हणान गेलो. दुसऱ्या टायमाक मी निव्वळ पेजेर रवलंय, तोंडाक कायच लावक नाय. तोपण गेलो. तिसरो, तुझो घोव, तेवडो जगलो, माका दूधच येयना म्हणान गायीच्या दुधार." मग माझ्याकडे बघितलं. "ह्या सुयेन ते वाचले असते काय गो?"

नाय म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"होय आये," मी म्हटलं, "दोनय वाचले असते."