बाराच्या खेळाची न मोजलेली माणसं

मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्या संध्याकाळी आधी मिहिरचं भाषण होतं, मग दशरथचा सत्कार. सूत्रसंचालन माझ्याकडे. रंगभूमी सुटून वीस वर्षं झाली, तरी माइक दिसला की हात शिवशिवतात.

दशरथ म्हणजे स्टेशनजवळच्या, आता पाडलेल्या टॉकीजचा डोअरकीपर. मूळ मालवणचा. काय रुबाब होता त्याचा! खाकी गणवेश, हातात बॅटरी आणि तिकीट फाडण्याची अशी ऐट, की आम्हा नटांना हेवा वाटावा. मानपत्रात लिहिलं होतं, 'तीस वर्षांत एकालाही विनातिकीट आत सोडलं नाही.' शाल द्यायला टॉकीजच्या मालकांचा मुलगा चंद्रप्रकाश आला होता. दशरथची बायको जानकी पहिल्या रांगेत. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला स्टेजवर बसवलं होतं.

मिहिर अर्थशास्त्राचा प्राध्यापक. पडद्यावर देशादेशांच्या आलेखांच्या रेघा. "हे बघा, २००९ साली अमेरिकेत बेकारी वाढली आणि सिनेमाची तिकिटंही वाढली. आता आपल्याकडे या. नव्वदनंतर एलबीएस रोडवरचे कारखाने बंद पडत गेले आणि आपल्या टॉकीजची बाराच्या खेळाची तिकिटं कोसळली. म्हणजे नोकरी गेली की तिकडचा माणूस थेटरात जातो, आपला घरी लोळतो."

लोक हसले. मीही हसलो, त्याची लाज अजून जात नाही.

"ह्या खोटा आसा!"

दशरथ ताडकन उभा राहिला होता. "घरी कसे लोळतील रे? घरी सांगितलंच नव्हतं त्यांनी! बायको डबा भरून द्यायची, नवरा कामाला म्हणून निघायचा. जायचं कुठे? बागेत बसला तर शेजारी बघणार. मग माझ्या दाराशी यायचे."

"आणि तुम्ही सोडायचात? विनातिकीट?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"मग काय, पगाराची चिठ्ठी मागू? खेळ सुरू होऊन दिवे विझले की सोडायचो. मागच्या रांगा भरायच्या. पडद्यावर हिरोईन नाचतेय आणि थेटरभर डब्यांतल्या सुकटीचा वास! मी बॅटरी खाली धरायचो. कोणाच्या तोंडावर कधी मारली नाही. त्यांतले दोघं आज इथे बसलेत. नावं नाही सांगणार."

सभागृहात कोणी मान वळवली नाही.

"काका," मिहिर हळूच म्हणाला, "रोज साधारण किती?"

"मोजले नाहीत. मोजले असते तर मालकाला कळलं असतं, आणि मीही त्यांच्यात जाऊन बसलो असतो."

"म्हणजे तुम्ही बाबांना फसवत होतात," चंद्रप्रकाश म्हणाला.

"होय. पंखे तसेही चालूच होते."

चंद्रप्रकाशने शाल घडी करून पिशवीत घातली. ते बघून माझं डोकंच फिरलं. रंगमंचावर किती उदार राजे रंगवले मी, सगळे दुसऱ्याची वाक्यं बोलणारे! मी मानपत्राचे दोन तुकडे केले आणि माइकशिवाय ओरडलो, "घेऊन जा साहेब ती शाल! तिची ऊब तुम्हालाच लागेल!"

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला. टाळी मात्र पडली नाही.

दशरथ खाली उतरला, तर जानकी कमरेवर हात ठेवून उभी.

"सगळ्या गावाक फुकट सोडलात, आणि माका मात्र तिकीट काढूक लावलात?"

"तुझ्या घोवाक नोकरी होती," स्वतःच्या छातीवर बोट ठेवत दशरथ खेकसला, आणि दाराकडे चालू लागला.