रंगांची नावं घोकणारे वाघमारे सर

चौसाळ्याच्या शाळेत पाचवीला असताना मी लिंबाच्या झाडाची पानं तपकिरी रंगवली आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तांबडा, हिरवा, तपकिरी यांतला फरक मला दिसत नाही, हे तेव्हा घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. चित्रकलेचे वाघमारे सर माझ्या बाकापाशी आले, चित्र न्याहाळलं आणि मागे वळून म्हणाले, "हसता कामून रे? त्याला दिसलं तसं त्यानं काढलंय." दुसऱ्या दिवशी रंगाच्या प्रत्येक बाटलीवर सरांच्या वळणदार अक्षरात नावाची चिठ्ठी होती. ती कुणासाठी, हे त्यांनी वर्गाला कधीच सांगितलं नाही. सरांशी माझी ओळख झाली ती अशी.

पुढे मी त्याच शाळेत इतिहास शिकवू लागलो. सर निवृत्त झाले, तरी माझी संध्याकाळ त्यांच्या ओसरीवरच जाते. सर तसे तापट. रंग सांडलेला चालेल, पण ब्रश न धुता ठेवला तर कुणाचीच गय नाही! पंच्याहत्तरीतही तेच. अशा माणसाला मी हतबल झालेलं पाहिलं ते नातीपायी. सरांचे चिरंजीव स्पेनमध्ये नोकरीला आहेत, सूनबाई तिकडच्याच. चार वर्षांची नात आईची भाषा बोलते. फोनवर ती आजोबांना हात हलवून दाखवायची आणि पळून जायची. "लेकरू माझं हाय, आन् बोलायला मला एक शब्द न्हाई," सर म्हणाले.

मी मोबाइलवर शोधून रंगांची स्पॅनिश नावं काढली आणि चिठ्ठ्या लिहून, सरांच्या बाटल्यांवरची मराठी नावं वाचत, त्यांच्या शेजारी चिकटवल्या. रोहो म्हणजे लाल, वेर्दे म्हणजे हिरवा, अमारियो म्हणजे पिवळा, आसुल म्हणजे निळा. "ज्याला रंग दिसत न्हाईत, त्योच मला रंग शिकवायलाय," म्हणून सर पोट धरून हसले आणि घोकायला बसले. हॉटेलात चहा पिताना मंडळी चेष्टा करायची, "सर, बिऱ्हाड हलवता का तिकडं?" सर त्यांनाही 'रोहो' म्हणायला लावायचे.

मग सरांनी एकेक बाटली फोनसमोर धरून नाव घेतलं. नात पळता पळता थांबली. 'आसुल'ला मात्र तिनं मान हलवली, "सेलेस्ते!" चिरंजीव हसून म्हणाले, "दादा, हा निळा न्हाई, आकाशी हाय म्हणते." वर्गात कुणी नुसतं निळा म्हटलं की "कंचा निळा?" म्हणून धारेवर धरणारे आमचे सर डोळे पुसत म्हणाले, "माझीच नात हाय ही." तेव्हापासून ती आपले मोजे, चमचे, खेळणी फोनपाशी आणून दाखवते.

परवा ती रडतच फोनवर आली. बरंच काही सांगत होती. सरांना त्यातलं 'रोहो' तेवढं कळलं. मग तिनं पाय वर केला. गुडघा फुटला होता. सर फोनच्या काचेवरून बोट फिरवत राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "रंग झाले. आता 'दुखतंय का' हे कसं इचारायचं, ते शिकव."

सर सध्या तेच वाक्य घोकत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. नात मोठी होईल, तिची दुखणीही मोठी होतील. तेव्हा फोनच्या अलीकडे, तिच्या भाषेत 'दुखतंय का' म्हणून विचारणारे आजोबा असोत.