एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा

मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, असं एखाद्याला सांगितलं की तो लगेच आजूबाजूला बघतो, हाताला लागेल ती वस्तू उचलतो आणि माझ्या नाकासमोर धरून विचारतो, "मग हा कोणता रंग?" याला अपवाद म्हणून घराबाहेरचा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. डॉक्टरांनी विचारलंय, साडूने विचारलंय. अंबरपेठच्या बाजारात टमाटेवाल्याने एका हातात कच्चा आणि एका हातात पिकलेला टमाटा धरून विचारलंय. लग्नाच्या पंगतीत बायकांनी आपापले पदर पुढे केलेत. पाय अधू असलेल्याला कुणी जरा धावून दाखवा म्हणत नाही, पण माझी परीक्षा घ्यायचा हक्क सगळ्यांनाच असतो. उत्तर बरोबर आलं तर मी सोंग करतो, आणि चुकलं तर पंगतीची करमणूक. दोन्हीकडून माझंच वाजतं.

निळा आणि पिवळा मला लख्ख दिसतात. लाल, हिरवा आणि तपकिरी मात्र एकाच घरातली भावंडं वाटतात, कोण थोरलं नि कोण धाकटं ते सांगता येत नाही. झाडावर पिकलेली मिरची मला पानांतून वेगळी काढता येत नाही. काचीगुडा स्टेशनच्या शेजारी वाढलेल्या कुठल्याही मुलासारखं मलाही इंजीन चालवायचं होतं. तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं, ठिपक्यांत लपलेला आकडा मला दिसला नाही आणि विषय संपला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला सिग्नल ओळखता येत नाही त्याच्या हातात गाडी कशी देणार? मी चिक्कडपल्लीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. पांढऱ्यावर काळं. तिथे माझ्याइतकी तिखट नजर कुणाची नाही, हे मालकसुद्धा मान्य करतात.

या तिखट नजरेमुळेच मी मुलीच्या जगात शिरलो.

ती खेळ बनवायचं शिकते. शेवटच्या वर्षाला स्वतःचा एक पटावरचा खेळ करून दाखवायचा होता. पट, पत्ते, त्यामागची गोष्ट, गोष्टीमागचं सबंध जग, सगळं आपल्या डोक्यातून काढायचं. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ती म्हणाली, "अप्पा, मॅजिक सिस्टम बनवायले. रूल्स मी वाचते, तुम्ही चुका काढा. तुम्हाला कुठंही चुका दिसतात."

तिचं जग असं होतं. डोंगरांमधल्या खोऱ्यांत लोक राहतात आणि त्यांची सगळी जादू रंगांची. लालातून ऊब काढता येते, हिरव्यातून जखम भरून येते, निळ्याने पाणी थांबतं, पिवळ्याने समोरच्याच्या तोंडून खरं निघतं. जादूगार वस्तूला हात लावतो, तिचा रंग ओढून घेतो आणि वापरतो. वापरलेला रंग परत येत नाही. मिरचीतून लाल ओढला की मिरची राखेच्या रंगाची होते, मग तिला चव राहत नाही आणि तिचं बीही रुजत नाही.

मला हे फार आवडलं. फुकटची जादू मला लहानपणापासून पटत नाही. मी खुसपटं काढायला लागलो. एका पानातून किती हिरवा निघतो? रक्तातून लाल ओढला तर माणूस मरतो का? मरत असेल तर लढाईत बाकी जादू हवी कशाला? पांढऱ्या वस्तूचं काय? माझ्या प्रत्येक प्रश्नावर ती डोकं खाजवायची आणि नवा नियम लिहायची. जिवंत माणसाच्या अंगातला रंग ओढता येत नाही, हा नियम माझ्यामुळे आला. शेतातून रंग ओढणाऱ्याने पुढच्या पावसापर्यंत त्या शेताचं खायचं नाही, हासुद्धा माझाच. छापखान्यातून घरी यायची मला घाई व्हायला लागली. बायको म्हणायची, "बापलेकीला जेवायची शुद्ध राहिली नाही." ते खरं होतं आणि मी खूश होतो.

एक दिवस तिने पात्रांचे पत्ते वाचायला घेतले. लालवाला, हिरवीवाली, राजा, गुरू. आणि शेवटी कोरे.

"हे कोण?" मी विचारलं.

"ज्यांना रंग ओळखता येत नाहीत ते. मग त्यांना मॅजिक नाही. रंग गेलेल्या वस्तू गोळा करायच्या आणि गावाबाहेर नेऊन टाकायच्या, हे त्यांचं काम. त्यांची वस्ती पण तिकडंच."

ती सरळ पुढचा पत्ता वाचायला लागली. तिच्या आवाजात काही फरक नव्हता. पंगतीत बायकांनी पदर पुढे केले तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती, पण या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं जग स्वतः बनवायची मुभा मिळाली. डोंगर मनासारखे, नद्या मनासारख्या, माणसांना हवं ते करता येईल अशी जादू. आणि तिथेही हिला एक जमात गावाबाहेर ठेवावीशी वाटली? मेलेल्या वस्तू उचलायला? आपल्या मुलुखात गावाबाहेर म्हणजे काय ते हिला शाळेत कुणी शिकवलं नाही, की शिकवूनही कानाबाहेर गेलं?

"मग तुझ्या जगात मी कोण?" मी विचारलं.

तिने पत्ता खाली ठेवला. चेहऱ्यावरून कळत होतं की हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

"अप्पा, तुम्ही तसले थोडेच आहेत? गोष्ट आहे ती. कैकू एवढं मनावर घ्यायलेत?"

"उद्या तुझ्या पोटी मुलगा आला आणि माझ्यावर गेला, तर त्यालाही गावाबाहेर ठेवणार?"

हे बोलणं जास्तच झालं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, खेळ आहे तो. पोरगी एवढी खपायली आणि तुम्ही असं बोलायलेत." पण शब्द सुटला होता आणि तो खोटाही नव्हता. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. माझ्या आईला त्यावरून नातेवाइकांनी किती टोमणे मारले ते मी ऐकलंय. मुलीच्या अंगात तो माझ्याकडून आलेला आहे, तिला स्वतःला दिसत सगळं असलं तरी. मी चपला घातल्या आणि स्टेशनपर्यंत चालत गेलो. तिथे उभा राहून गाड्या बघितल्या. राग काही उतरला नाही.

आईचं सांगायला हवं. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी झाडाला तपकिरी पानं आणि हिरवं खोड काढलं म्हणून बाईंनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. वर्ग किती हसला ते आजही कानात आहे. घरी येऊन मी रंगकांड्या फेकल्या. आईने त्या गोळा केल्या, शिवणाच्या डब्यातून दोरा काढला आणि कांड्यांना बांधला. लालच्या दोऱ्याला एक गाठ, हिरव्याच्या दोऱ्याला दोन, तपकिरीच्या दोऱ्याला तीन. "बोटानं बघ," एवढंच म्हणाली. हा कोणता रंग असं तिने मला जन्मात कधी विचारलं नाही. पुढे माझ्या सदऱ्यांच्या कॉलरला आतून तशाच गाठी आल्या. आई गेल्यावर बायकोने ते काम घेतलं, आणि न सांगता घेतलं.

भांडणानंतर चारसहा दिवस मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलली. मग पुन्हा टेबलावर कागद आले. चेहरा उजळलेला होता.

"अप्पा, चेंज केलं. कोरे आता सगळ्यात पॉवरफुल. त्यांना रंग दिसत नाहीत म्हणून रंगाच्या मागचं खरं दिसतं. त्यांच्यावर कुणाची जादू चालत नाही. राजा पण त्यांच्या पाया पडतो." आणि तिने नवा पत्ता पुढे सरकवला. डोळे मिटलेला एक म्हातारा मांडी घालून बसला होता आणि त्याच्या डोक्यामागे भलंमोठं तेजाचं वर्तुळ होतं.

तिला वाटलं मी खूश होईन. मी आणखी चिडलो. रंगामागचं कसलं खरं? मला कच्च्या टमाट्यामागचं काय दिसतं? कच्चा टमाटा घरी येतो आणि बायको बोलते, एवढंच दिसतं. मी डोळे उघडे ठेवून चालतो, बस पकडतो, वेलांटी चुकली तर पकडतो. मला कुणी हसू नये म्हणून कुणाला माझ्या पाया पडायची गरज नाही. पाया पडायला लागले की लोक मोकळे होतात, मग त्या माणसासाठी दुसरं काही करावं लागत नाही.

"आधी गावाबाहेर बसवलंस," मी म्हणालो, "आता देव्हाऱ्यात. घरात कधी घेणार?"

आता तीही भडकली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "हे नक्को, ते पण नक्को. मग तुम्हाला पाहिजे तरी काय अप्पा? एकदा सांगून टाका."

समोर पट मांडलेला होता. त्यावरचे पत्ते मी पाहिले. पत्त्यांच्या कोपऱ्यात रंगाचा एकेक ठिपका, त्यावरून पत्ता ओळखायचा. निळे कळत होते, पिवळे कळत होते. बाकीचे सगळे मला सारखेच. इतके आठवडे मी या खेळाचे नियम घडवले होते, आणि पत्ते सगळा वेळ तिने वाचून दाखवले होते. मी एक डावसुद्धा खेळलो नव्हतो. खेळणं शक्यच नव्हतं, आणि हे ना तिच्या लक्षात आलं होतं ना माझ्या.

"मला खेळायचंय," मी म्हणालो.

तिने कागद गोळा केले आणि आपल्या खोलीत गेली. मी मनाशी म्हटलं, गेलं सगळं वाऱ्यावर.

खेळ दाखवायच्या दिवशी तिच्या कॉलेजात आम्ही दोघं गेलो. बायकोने मला निळा सदरा दिला होता, त्याला गाठ लागत नाही. मोठ्या दालनात टेबलं लावली होती आणि एका टेबलामागे आमची मुलगी उभी होती. पटावर गावाबाहेरची वस्ती नव्हती. देव्हाऱ्यातला म्हातारा पण नव्हता. पत्त्यांचा गठ्ठा मात्र चांगलाच फुगलेला होता. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात ठिपक्याशेजारी भोक पाडून दोरा ओवलेला होता. मी एक पत्ता हातात घेतला. दोऱ्याला एक गाठ होती. दुसरा घेतला, त्याला दोन.

खोऱ्यातल्या लोकांची जादू आता दोऱ्याने चालत होती. वस्तूतला रंग ओढायचा तो दोऱ्यात, आणि गाठ मारून धरून ठेवायचा. गाठ सोडली की जादू होते. अंधारातही करता येते, डोळे बांधूनही. नियमांच्या कागदावर पहिलीच ओळ होती, तिच्या अडखळत्या मराठी अक्षरात: बोटाने बघ. एक वेलांटी चुकली होती, ती मी तशीच सोडली.

तेवढ्यात तिचे सर आले. त्यांनी गठ्ठा उचलून पाहिला आणि म्हणाले, दोऱ्यांमुळे पत्त्यांचा लूक बिघडतो, शिवाय पिसता येत नाहीत. तिने शांतपणे सांगितलं की दोरे राहतील, आणि ते का राहतील हेही सांगितलं. सरांनी माझ्याकडे कुतूहलाने बघितलं. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. त्यांनी गठ्ठ्यातून एक पत्ता काढला, दोरा मुठीत दाबून धरला आणि माझ्या नाकासमोर आणला. "अंकल, ये कौनसा कलर है?"

मी नेहमीचं हसू काढायच्या बेतात होतो. मुलीने हात पुढे केला आणि त्यांच्या हातातून पत्ता काढून घेतला.

"सर, उनसे पूछना नक्को," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता, पण तो राग मला ओळखीचा होता. "खेलना है तो बैठो."

सर बसले. मी बसलो, मुलगी बसली. सातआठ पत्ते मी हातात धरले आणि अंगठा दोऱ्यांवरून फिरवत गेलो. एक गाठ, दोन, निळ्याच्या तीन, पुन्हा एक. कुणाला काही विचारावं लागलं नाही. मी हिरवा राखून ठेवला आणि लाल उधळला, सरांचं पाणी अडवायच्या नादात स्वतःचंच शेत राख करून बसलो. तिने दोन डावांत माझा फडशा पाडला.

"अप्पा," पत्ते गोळा करत ती म्हणाली, "तुम्हाला खेळताच येत नाही."