काकांचा लोकरी कोट

तापीकाठी, प्रकाशा गावच्या घाटावर एका भोंदूने काकूला भुलवून काकांचा लोकरी कोट लाटला, असं आमच्या घरात अजून सांगतात. मी तिथे होतो आणि इतकी वर्षं गप्प राहिलो. आता खरं लिहून ठेवतो.

दहाव्याला काकांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. त्यांचा आत्मा कुठेतरी अडकला, या घोराने काकूने जेवण जवळजवळ सोडलंच होतं. कोट तापीत सोडायला मी तिला घेऊन गेलो.

घाटावर एक माणूस भर उन्हात एकावर एक अंगरखे चढवून बसला होता आणि यात्रेकरूंना आत्मा समजावत होता. वरचा अंगरखा उतरवून म्हणाला, “हाऊ स्थूल देह.” त्याखालचा उतरवला, “हाऊ सूक्ष्म.” तिसऱ्याच्या बंदाला हात घातला, तशी काकू ओरडली, “बस कर रे भाऊ, आठे बायका बसेल शेतस!”

सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. मग काकूने त्याला कावळ्याचं सांगितलं. अंगरख्यांची घडी घालत तो म्हणाला, “अडकस तो अंगरखा, माय. पेहेरनारा ते कवयच निंघी गया.”

घालणारा केव्हाच निघून गेला, हे काकूने स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. मग तिने आपणहून कोट त्याच्यापुढे धरला. तो नको नको म्हणत होता.

“घाल रे. नदीले थोडीच थंडी वाजस?”

कोट घालून तो निघाला. पाठमोरा अगदी काकांसारखा दिसत होता. काकूने त्याला वळणापर्यंत जाऊ दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “चाल, माले भूक लागनी.”